सल्ला हवाय: एफवायची गळती आणि प्राध्यापकांचा फीडबॅक

ओंकारेश्वरघाट: पुण्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात शिकवते. यंदा आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम गळ्यात पडलंय. एफवायची (पहिल्या वर्षाची) बरीच मुलं एसवायला (दुसऱ्या वर्षाला) दिसतच नाहीत. व्यवस्थापनाचं म्हणणं, मुलांच्या फीडबॅकमध्ये कमी गुण पडलेल्या सीएचबीवाल्यांना (तासांवर मानधन घेणाऱ्या शिक्षकांना) पुढच्या वर्षी घेऊ नका, गळती थांबेल. मला पटत नाही. काय मांडू?

कर्वेरोडकर: मॅडम, फीडबॅक घेता कधी? सत्र संपताना ना? मग गेलेली मुलं त्यात नाहीतच. जी टिकली त्यांना विचारून गेलेल्यांची कारणं कशी कळणार? पहिल्या दीड महिन्याची हजेरी काढा आणि येणं थांबलेल्यांना फोन लावा. आम्ही लावले होते. कुणी चाकणला रात्रपाळीला लागलेला, कुणाची महाडीबीटीची (सरकारी पोर्टलवरची) शिष्यवृत्ती अडकलेली, म्हणून भाड्याची कॉट सोडून बीडला परत. शिकवणं आवडलं नाही म्हणून गेलेला क्वचितच. टिंटो या अमेरिकी अभ्यासकानं १९७५ सालीच मांडलंय की मुलगा अभ्यासात आणि माणसांत रुळला नाही की कॉलेज सोडतो. आपल्याकडे त्यात खोलीभाडं मिळवा.

तासिकावाला: मी सीएचबीवरच आहे. नेमणूक फीडबॅकला टांगली की इंटर्नलचे (अंतर्गत परीक्षेचे) गुण देताना हात सैल सुटतो, सगळ्यांचाच. २०१७ मध्ये उट्टल या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र तपासले, तर शिक्षकाला फीडबॅकमध्ये मिळालेले गुण आणि मुलांचं प्रत्यक्ष शिकणं यांचा जवळजवळ संबंधच सापडला नाही. त्या अभ्यासाची प्रत छापून टेबलावर ठेवा.

यंत्रशाळा: एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) शिक्षकांसाठीच्या ३६० अंश मूल्यमापनातही विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला १०० पैकी २५ च गुण आहेत. तुम्हाला लागू नाही, पण बैठकीत दाखवायला बरं. आणि नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं, क्रेडिट एबीसीत (क्रेडिट जमा ठेवणाऱ्या शैक्षणिक बँकेत) राहतात. तसे गेलेले वेगळे मोजा.

ओंकारेश्वरघाट: आभार. फोन कुणी करायचे? ऑफिसवाले नाहीच म्हणणार.

कर्वेरोडकर: पालक शिक्षकांनी, म्हणजे ज्यांच्याकडे मुलं सोपवलेली असतात त्या शिक्षकांनी. वीसेक मुलं एकाकडे, त्याहून जास्त नकोत. फोनवर आधी हजेरीचा विषय काढू नका, मूल बिथरतं. राहतोस कुठे, जेवतोस कुठे, एवढंच विचारा. पैशाची अडचण दिसली तर विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’चा अर्ज तिथल्या तिथे भरून घ्या. आणि हो, प्रवेश अर्जावरचा नंबर बरेचदा नेट कॅफेवाल्याचा निघतो. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून आत्ताच घेऊन ठेवा, दिवाळीनंतर ग्रुपही सोडतात.