मौत का कुवा : आघूर्ण नेमके कोणत्या बिंदूभोवती घ्यायचे?

बाळीवेसचा विद्यार्थी (प्रश्न)

मी सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. गड्डा यात्रेत होम मैदानावर मौत का कुवा पाहिल्यानंतर बारावीत केलेले त्याचे गणित पुन्हा मांडायला घेतले. उभ्या भिंतीवर फिरणाऱ्या मोटारसायकलवर तीन बले असतात : खाली ओढणारे वजन, भिंतीचे आतल्या दिशेचे लंबबल आणि वर तोलणारे घर्षण. लंबबल अभिकेंद्री (केंद्राकडे वळवणारे) बल पुरवते, घर्षण वजनाइतके असते आणि घर्षण कमाल मर्यादेला पोहोचले की ‘किमान वेगाचा वर्ग = गुरुत्व त्वरण × त्रिज्या ÷ घर्षण गुणांक’ हे सूत्र मिळते. इथपर्यंत मला शंका नाही.

मात्र तेथे गाडी आणि स्वार मिळून एक बिंदू मानला होता. त्यांना उंची असलेली वस्तू मानून मी चाक भिंतीला टेकते त्या बिंदूभोवती आघूर्णे (बलांचा वस्तूला फिरवण्याचा परिणाम, टॉर्क) घेतली. लंबबल आणि घर्षण दोन्ही त्याच बिंदूतून जात असल्यामुळे त्यांची आघूर्णे शून्य आली. उरले वजनाचे आघूर्ण, जे स्वाराला डोक्याकडून खाली फिरवू पाहते, आणि त्याला तोलणारे काहीच सापडले नाही. या हिशेबाने स्वार कोसळायला हवा. वर्गमित्र म्हणतो की अपकेंद्री (केंद्रापासून बाहेर ढकलणारे) बल घे म्हणजे सुटेल. पण जमिनीवर उभे राहून पाहताना ते बल घ्यायचे नाही, असे आम्हाला बजावून सांगितले आहे. शिवाय प्रत्यक्षात स्वार पूर्ण आडवा नव्हता, त्याचे डोके चाकांपेक्षा थोडे वर होते. हा कोन कोठून येतो, हेही कृपया सांगावे.

होटगी रोड, निवृत्त प्राध्यापक

तुमची बलांची आकृती अचूक आहे. अडचण बिंदूच्या निवडीत आहे. ‘आघूर्णांची बेरीज म्हणजे कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) बदलण्याचा दर’ हे समीकरण निर्धोकपणे दोन ठिकाणी वापरता येते : जमिनीच्या चौकटीत स्थिर असलेल्या कोणत्याही बिंदूभोवती, आणि वस्तुमान केंद्राभोवती (जेथे सगळे वजन एकवटले आहे असे मानता येते), मग ते केंद्र कितीही त्वरणाने जात असले तरी. तुम्ही निवडलेला संपर्कबिंदू या दोन्हींत बसत नाही, कारण तो गाडीबरोबर फिरतो आणि त्याला केंद्राच्या दिशेने त्वरण आहे. तेथे आघूर्णांची बेरीज शून्य असण्याचे काही कारणच नाही.

आता वस्तुमान केंद्राभोवती पाहा. वजन त्यातूनच जाते, म्हणून त्याचे आघूर्ण शून्य. संपर्कबिंदू वस्तुमान केंद्राच्या बाहेरच्या बाजूला आणि थोडा खाली आहे. त्यामुळे त्या बिंदूवर वरच्या दिशेने लागणारे घर्षण स्वाराचे डोके खाली फिरवू पाहते, तर आत ढकलणारे लंबबल तेच डोके वर उचलू पाहते. स्वार आडव्या पातळीशी जो कोन करतो त्याची ज्या (साइन) लंबबलाबरोबर येते आणि कोज्या (कोसाइन) घर्षणाबरोबर येते, म्हणून दोन आघूर्णे समान मांडली की त्या कोनाची स्पर्शज्या (टॅन) = घर्षण ÷ लंबबल, म्हणजेच गुरुत्व त्वरण × त्रिज्या ÷ वेगाचा वर्ग. तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर यातच आले. स्वार अगदी आडवा असता तर लंबबल वस्तुमान केंद्रातूनच गेले असते आणि घर्षणाचे आघूर्ण तोलायला कोणी उरले नसते. त्यामुळे वेग कितीही वाढवला तरी तो आडव्याच्या जवळ जातो, पूर्ण आडवा होत नाही.

तुमच्या वर्गमित्राचेही बरोबर आहे, मात्र त्याने आपण कोणत्या चौकटीत उभे आहोत हे आधी लिहिले पाहिजे. गाडीबरोबर फिरणाऱ्या चौकटीत संपर्कबिंदू स्थिर असतो, वस्तुमान केंद्राशी अपकेंद्री बल बाहेरच्या दिशेने लागते, आणि त्याचे आघूर्ण वजनाच्या आघूर्णाला तोलते. कोन तोच येतो. उत्तरपत्रिकेत गडबड होते ती एकाच आकृतीत अभिकेंद्री आणि अपकेंद्री असे दोन्ही बाण काढल्यामुळे. अभिकेंद्री बल हे चौथे बल नाही. येथे लंबबलालाच ते नाव मिळते.

हीच तुलना सपाट रस्त्यावरच्या वळणाशी करून पाहा. तेथे लंबबल वजन तोलते आणि घर्षण गाडीला वळवते. विहिरीत दोघांची कामे अदलाबदल होतात. म्हणून रस्त्यावर वेगाला कमाल मर्यादा असते आणि विहिरीत किमान. कोनाचे सूत्र मात्र दोन्हीकडे एकच आहे.

अक्कलकोट रोड

वरच्या उत्तरात एक भर घालतो. मी कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो, त्यामुळे आकडे घातल्याशिवाय सूत्रावर विश्वास बसत नाही. सूत्रातली त्रिज्या विहिरीची नसून वस्तुमान केंद्राच्या वर्तुळाची आहे, आणि हा फरक क्षुल्लक नाही.

समजा विहिरीची त्रिज्या ५ मीटर, चाकापासून वस्तुमान केंद्राचे अंतर ०.८ मीटर आणि घर्षण गुणांक ०.६ आहे. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत, मोजलेले नाहीत. किमान वेगाला कोनाची स्पर्शज्या घर्षण गुणांकाइतकी, म्हणजे कोन सुमारे ३१ अंश. मग वस्तुमान केंद्र भिंतीपासून सुमारे ०.६९ मीटर आत येते आणि त्याच्या वर्तुळाची त्रिज्या ४.३१ मीटर भरते. वस्तुमान केंद्राचा किमान वेग सेकंदाला सुमारे ८.४ मीटर, म्हणजे ताशी ३० किलोमीटर. पण टायर ५ मीटर त्रिज्येवर फिरतो, त्यामुळे त्याचा वेग सेकंदाला ९.७ मीटर, म्हणजे ताशी ३५ किलोमीटर लागतो. बिंदुवत गाडीचे सूत्र ५ मीटर घालून वापरले तर ताशी साडेबत्तीस येतात. याचा अर्थ सोपे सूत्र टायरला लागणारा वेग कमी दाखवते, आणि ही चूक नेमकी धोक्याच्या बाजूची आहे. परीक्षेत अर्थातच सोपे सूत्र लिहावे.

बाळीवेसचा विद्यार्थी

सर, दोघांचेही आभार. कोनाची स्पर्शज्या घर्षण ÷ लंबबल असेल, तर ती नेहमीच घर्षण गुणांकाइतकी धरावी का? आणि त्याच विहिरीत मोटारगाडीही फिरवतात. ती तर झुकू शकत नाही. तिच्यावरची आघूर्णे कोण तोलते?

होटगी रोड, निवृत्त प्राध्यापक

नाही, नेहमी धरू नये. स्थितिक घर्षणाची किंमत गतीचे समीकरण ठरवते. घर्षण गुणांक फक्त वरची मर्यादा सांगतो. भिंतीवर घर्षण वजनाइतकेच राहते. वेग वाढला की लंबबल वाढते, दोघांचे गुणोत्तर लहान होते आणि कोन उतरतो. हे गुणोत्तर घर्षण गुणांकाइतके होते ते फक्त घसरण्याच्या उंबरठ्यावर. ‘घर्षण = घर्षण गुणांक × लंबबल’ हे वाक्य पहिल्याच ओळीत लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांमध्ये इतकी मुरलेली आहे की टेबलावर स्वस्थ पडलेल्या पुस्तकालाही काही जण घर्षण लावून टाकतात. आधी बलांची समीकरणे सोडवावीत आणि आलेले घर्षण मर्यादेत बसते का, हे शेवटी तपासावे.

आपण फिरणाऱ्या चाकांचा कोनीय संवेग सोडून दिला आहे. येथे चाकाचा आस जवळजवळ उभा असतो आणि गाडीही उभ्या अक्षाभोवतीच फिरते, त्यामुळे तो परिणाम कोनाच्या ज्येच्या पटीत म्हणजे लहानच राहतो.

अक्कलकोट रोड

मोटारगाडीचे उत्तर मी देतो. ती झुकत नाही, तर तिच्या खालच्या आणि वरच्या चाकांवरचे लंबबल असमान होते. भिंतीवर तिचे छत विहिरीच्या मध्याकडे असते. चाकांवरचे एकूण घर्षण वजनाइतके असून ते वस्तुमान केंद्रापासून त्याच्या उंचीइतक्या अंतरावर लागते आणि छत खाली फिरवू पाहते. ते तोलण्यासाठी खालच्या चाकांवर जास्त लंबबल येते; वरच्या आणि खालच्या चाकांवरील लंबबलांतला फरक = २ × वजन × वस्तुमान केंद्राची उंची ÷ दोन बाजूंच्या चाकांमधले अंतर. एकूण लंबबल या फरकापेक्षा कमी झाले की वरची चाके सुटतात. म्हणून गाडी उलटू नये यासाठी वेगाचा वर्ग किमान २ × गुरुत्व त्वरण × त्रिज्या × उंची ÷ चाकांमधले अंतर इतका हवा.

आता दोन मर्यादा झाल्या, घसरण्याची आणि उलटण्याची; जी मोठी ती लागू. घर्षण गुणांक ०.६ धरला तर उलटण्याची मर्यादा वरचढ होण्यासाठी वस्तुमान केंद्राची उंची चाकांमधल्या अंतराच्या ०.८३ पट तरी लागेल. लहान मोटारगाडीचे वस्तुमान केंद्र त्याहून पुष्कळ खाली असते, त्यामुळे वेग कमी पडला तर ती उलटण्याआधी घसरते. हवेचा विरोध आणि चाकांचा घर्षणरोध यांवर मात करण्यासाठी टायरला पुढच्या दिशेनेही थोडे घर्षण वापरावे लागते. तो वाटा त्याच मर्यादेतून जातो, म्हणून प्रत्यक्ष किमान वेग या आकड्यांपेक्षा थोडा अधिकच असतो.