फुकट गव्हानं रोमचं प्रजासत्ताक बुडवलं?

जुना_सिनेटर: ‘गायस ग्राकसनं जनतेला गव्हाची चटक लावली आणि प्रजासत्ताक संपलं’ अशी पोस्ट फिरतेय. डोकं फिरलं! १२३ मध्ये (सालं इ.स.पू.) ट्रिब्यून, म्हणजे जनतेनं निवडलेला अधिकारी, असताना त्यानं सुरू केलेला गहू फुकट नव्हताच, मोडियसला, म्हणजे पावणेसात किलोंना, ६⅓ आस (रोमन नाणी) पडत. फुकट केला ट्रिब्यून क्लोडियसनं, ५८ मध्ये. सेनापती सुल्ला फौज घेऊन रोममध्ये घुसला ८८ मध्ये, म्हणजे फुकट गव्हाच्या तीस वर्षं आधीच. आणि धान्यवाटप बंद करणाराही हाच सुल्ला! खरं दुखणं सैन्याचं. सेनापती मारियसनं १०७ मध्ये भूमिहीनांची भरती केली. नोकरी संपल्यावर त्यांना जमीन कोण देणार? सिनेट (उमरावांची सभा) टोलवाटोलवी करणार, सेनापती देणार. मग निष्ठा कुणाशी राहील?

तिजोरीवाला: म्हणजे गव्हाला क्लीन चिट? फुकट गहू घेणाऱ्यांची यादी ३,२०,००० वर गेली होती. सीझरनं ४६ मध्ये ती १,५०,००० वर आणली. मालक गुलामांना मुक्त करायचे, म्हणजे पोसणार सरकार आणि राबणार यांच्याकडेच.

जुना_सिनेटर: तो भ्रष्टाचार झाला, हुकूमशाही नव्हे. वाचून प्रतिसाद देत चला.

तिजोरीवाला: वाचलंय, म्हणूनच विचारतो. ५७ च्या टंचाईत सेनापती पाँपेला पाच वर्षं धान्यपुरवठ्याचे सर्वाधिकार कशासाठी मिळाले? त्याआधी ६७ मध्ये गाबिनियसच्या कायद्यानं अख्खा भूमध्य समुद्र आणि किनाऱ्यापासून ५० मैल आतपर्यंतचा मुलूख त्याच्याच हाती दिला. चाच्यांमुळे कसली जहाजं अडली होती? गव्हाचीच ना?

जुना_सिनेटर: बरं बाबा, गव्हानं पाँपे मोठा केला. पण रुबिकॉन नदी ओलांडून रोमवर चालून गेलं ते सीझरचं सैन्य, पोती नव्हेत.

कोपऱ्यातला_ट्रिब्यून: गव्हातून बाहेर या जरा. १३३ मध्ये गायसचा भाऊ, ट्रिब्यून टायबेरियसच्या जमीन-कायद्यावर दुसरा ट्रिब्यून ऑक्टेवियसनं नकाराधिकार वापरला. टायबेरियसनं मतदान घेऊन त्याचं पदच काढलं. मग सिनेटरांनी बाकांचे तुकडे उचलून टायबेरियसला ठेचून मारलं. ट्रिब्यूनचा नकाराधिकार आणि त्याच्या अंगाला हात न लावण्याचा दंडक, दोन्ही एकाच वर्षी मोडले. मारियस तेव्हा कुठे होता?

जुना_सिनेटर: मुद्दा आहे, नाही म्हणत नाही. पण दंगलीनं राजवट बदलत नाही, त्याला पगारी फौज लागते. पहिला सम्राट ऑगस्टसनं हे नेमकं ओळखलं. २७ मध्ये बहुतेक लीजन (सैन्याच्या मोठ्या तुकड्या) असलेले प्रांत स्वतःकडे घेतले, २३ मध्ये कॉन्सलपद (वर्षभराचं सर्वोच्च पद) सोडून ट्रिब्यूनचे अधिकार घेतले. इ.स. ६ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वेगळी तिजोरी काढली, पदरचे १७ कोटी सेस्टर्स घातले, वर वारशावर ५ टक्के आणि लिलावावर १ टक्का कर. सिनेटनं हेच शंभर वर्षं आधी केलं असतं तर?

तिजोरीवाला: आणि गव्हाचं काय केलं तुमच्या ऑगस्टसनं? बंद करायचं मनात होतं, पण पुढचा कुणी लोकप्रियतेसाठी पुन्हा सुरू करेल म्हणून यादी २,००,००० वर थांबवली आणि वाटप चालूच ठेवलं. पोत्यांना घाबरला म्हणा की!

कोपऱ्यातला_ट्रिब्यून: ट्रिब्यूनच्या अधिकारांवर कोणीच बोलत नाहीये. चालू द्या तुमचं धान्यगोदाम.