मदत हवी आहे: टेकडीवरच्या झाडांसाठी निधी कसा उभा करावा?

नमस्कार मंडळी. आम्ही बेलापूरचे काही रहिवासी पारसिक टेकडीच्या एका उतारावर उंदीरमारी (ग्लिरिसिडिया, हे बाहेरून आणलेलं झाड) काढून पळस, ऐन, काकड, करवंद लावायचं ठरवतोय. जागेच्या परवानगीचा अर्ज दिला आहे.

अडचण पैशाची आहे. रोपांना देणगीदार मिळतात, फोटो निघतो ना! पण उन्हाळ्यातलं पाणी, गवत काढायची मजुरी, वणव्याआधी मारायच्या जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत जाळून मोकळे केलेले पट्टे), यासाठी कोणी हात सैल सोडत नाही. आणि निदान तीन वर्षं तरी खर्च तोच आहे. आपोआप उगवलेली रोपं राखायलाही राखणदार लागतोच.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीचा विचार केला. पण त्यासाठी संस्थेला आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, तीन वर्षांचं काम आणि २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते. आमची तर संस्थाच नाही. मग ठाणे-नवी मुंबईतल्या एखाद्या जुन्या ट्रस्टच्या छत्राखाली काम करावं का? तसं कोणी केलंय? हिशेब कोणाकडे राहतो, ट्रस्ट किती टक्के कापून घेतो?

की सोसायट्यांकडून महिना शंभर-शंभर रुपयेच गोळा करावेत? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा. ‘ऑल द बेस्ट’ नको.