मदत हवी आहे: टीबीच्या गोळ्या मध्येच बंद केल्यात, आता परत कसं सुरू करायचं? (मुंबई)

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे पोळ्या-भांड्याला येणाऱ्या मावशी मानखुर्दला राहतात, मूळ गाव जालना जिल्ह्यात. नवरा बिगारी. म्हणजे सकाळी नाक्यावर उभं राहायचं, मुकादमाने उचललं तर मजुरी, नाहीतर घरी परत. त्याला दिवाळीपासून खोकला. दोन महिने गल्लीतल्या डॉक्टरकडे इंजेक्शन, खोकल्याचं औषध आणि 'ताकदीची बाटली' हेच चाललं, दर खेपेला तीनशे-चारशे रुपये, आणि थुंकी तपासून घ्या असं एकदाही कुणी म्हणालं नाही. वजन ४४ किलोवर आलं तेव्हा मीच मागे लागून पालिकेच्या दवाखान्यात पाठवलं. बेडका तपासला, टीबी निघाला, त्यातल्या त्यात नशीब की नेहमीच्या औषधांना दाद देणारा. सहा महिन्यांचा कोर्स, गोळ्या फुकट. मला वाटलं सुटलो.

काल मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, "वहिनी, ह्यांनी गोळ्या सोडल्या." बारा दिवस झाले! का, तर लघवी लालसर नारिंगी व्हायला लागली. त्याला वाटलं रक्तच जातंय, गोळ्यांनी किडनी खराब व्हायलीय. मी शोधलं तर ते रिफाम्पिसिन नावाच्या औषधामुळे होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. गोळ्या हातात देताना एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर?

दुसरं कारण त्यांनी नंतर सांगितलं. गोळ्या मिळतात ती खिडकी सकाळी उघडते आणि नाकाही सकाळीच भरतो. रांगेत उभं राहिलं की दिवसाचा खाडा. मावशींचं वाक्य, "फुकटची गोळी आमाला सातशेला पडती वहिनी." यावर मला काही बोलता आलं नाही.

तर विचारायचंय ते असं की आता त्याने कुठे जायचं, कारण तो म्हणतोय तिथे ओरडतील आणि म्हणून जायलाच तयार नाही. पहिल्यापासून कोर्स करावा लागेल का? पोषणाचे सरकारी पैसे मिळतात म्हणे, ते अजून एकदाही आले नाहीत, त्याचं खातं गावाकडच्या बँकेत होतं ते बंद पडलंय आणि रेशनकार्डही गावचंच. घरात ६ आणि ११ वर्षांची मुलं आहेत, त्यांचं काय? आणि गोळ्या संध्याकाळी मिळतील अशी काही सोय असते का?

प्रतिसाद १
ताई, मी सरकारच्या टीबी कार्यक्रमात काही वर्षं काम केलंय. उद्याच पाठवा, बारा दिवसांवर तेरावा नको. सलग महिनाभर औषध सुटलं की नोंदीत 'उपचार सोडलेला' असा शिक्का बसतो, तुमचा पेशंट अजून त्यात नाही. कोर्स पुढे चालू करायचा की बेडका परत तपासायचा हे तिथले डॉक्टर ठरवतील, फक्त किती दिवस सुटलं ते खरं सांगायला सांगा. गोळ्या खाल्ल्या म्हणून खोटं बोलला तर नुकसान त्याचंच, औषधांना न जुमानणारा टीबी झाला की सगळंच अवघड होऊन बसतं.

पैशांचं म्हणाल तर निक्षय पोषण योजना २०१८ पासून आहे, तेव्हा महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. स्वतःचं खातं नसेल तर संमती लिहून देऊन घरच्या माणसाचं खातं चालतं. मावशींचं असेल तर तेच द्या आणि निक्षय आयडीला (सरकारी नोंदीतला पेशंटचा नंबर) जोडलं गेलं का ते समोर उभं राहून बघा, बहुतेकांचं तिथेच अडतं. मुलांची तपासणी मागून घ्या, आजार नसेल तरी प्रतिबंधक गोळ्या देतात. रेशनकार्ड गावचं असलं तरी आधार जोडलेलं असेल तर धान्य मुंबईतल्या दुकानात अंगठा देऊन मिळतं.

प्रतिसाद २
सरळ प्रायव्हेटला न्या, सरकारी म्हणजे हेलपाटे.

धागाकर्ती
आधीचे दोन महिने प्रायव्हेटच होतं की हो.

प्रतिसाद ३
मला स्वतःला झाला होता. लघवीच काय, घाम आणि डोळ्यातलं पाणीपण रंगतं, माझा पांढरा रुमाल केशरी झाला होता. पण डोळे किंवा कातडी पिवळी पडली, सारख्या उलट्या झाल्या तर मात्र लगेच दाखवायचं, ते लिव्हरचं असू शकतं. हा फरक त्याला नीट समजावा. आणि गोळ्या त्यानेच नेल्या पाहिजेत असं नसतं. वस्तीत फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला विचारा, ती किंवा शेजारचं कुणी भरवशाचं माणूस गोळ्या देण्याची जबाबदारी घेऊ शकतं. तुमच्या सोसायटीला मदत करायची असेल तर निक्षय मित्र म्हणून नोंदणी करता येते, पेशंटला दर महिन्याला धान्य, डाळ, तेल, शेंगदाणे असा शिधा द्यायचा असतो.

धागाकर्ती (चार दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. मी स्वतः सोबत गेले, कुणी ओरडलं नाही, बेडका परत घेतला आणि गोळ्या सुरू झाल्या. खातं मावशींचं लावलं. वस्तीतल्या आरोग्यसेविका तयार झाल्यात, त्या रात्री साडेआठला घरी येऊन गोळ्या देऊन जातात, आणि खरं सांगायचं तर ही सोय कागदावर नाही, त्यांच्या चांगुलपणावर चाललीय. म्हणून आता खिडकी आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी उघडी ठेवा असा अर्ज द्यायचा विचार आहे. मुंबईत २०२२ पासून पालिकेचा 'आपला दवाखाना' संध्याकाळी चालतोच, मग टीबीच्या गोळ्याच सकाळी का? अर्ज वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायचा की शहर क्षयरोग अधिकाऱ्यांना? कुणी असा अर्ज दिला असेल तर मसुदा इथे टाका प्लीज. वस्तीतल्या बायका सह्या द्यायला तयार आहेत, पण रविवारीच, इतर दिवशी कामं असतात.