शब्दचर्चा: ‘रिलेशनल’ला संबंधित म्हणायचं, तर ‘नॉन-रिलेशनल’ला असंबंधित का?

दांडियाबाजार
नमस्कार. बडोद्यातल्या मराठी घरांतल्या मुलांना सुट्टीत डेटाबेसची, म्हणजे संगणकात पद्धतशीर साठवलेल्या माहितीची, तोंडओळख करून देते आहे. मुलं घरी मराठी बोलतात, पण शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे मराठी पारिभाषिक शब्द त्यांच्या कानावर पहिल्यांदाच पडतो आणि ती त्याचा सरळ अर्थ घेतात. माझ्याकडच्या टिपणांत ‘संबंधित डेटाबेस’ आणि ‘असंबंधित डेटाबेस’ अशी जोडी आहे. त्यावर एका मुलीने विचारलं, "ताई, असंबंधित म्हणजे त्यातल्या माहितीचा आपसात काही संबंधच नसतो का? मग ती शोधायची कशी?" प्रश्न रास्त आहे. ‘संबंधाधारित’ आणि ‘सारणीबद्ध’ हेही शब्द वाचनात आले. कोणता घ्यावा?

सुरसागर
‘संबंधाधारित’ घ्या. तक्ते एकमेकांशी जोडलेले असतात म्हणून रिलेशनल, एवढं सांगितलं की पुरे.

खतावणी
हे स्पष्टीकरण सगळीकडे ऐकू येतं, पण मुलांना ते देऊ नये असं मला मनापासून वाटतं. पुढची सगळी गफलत तिथूनच सुरू होते.

‘रिलेशनल’मधलं ‘रिलेशन’ गणितातून आलं आहे. एडगर कॉड हे आयबीएममध्ये काम करणारे गणिती. त्यांनी १९७० साली शोधनिबंध लिहून ही कल्पना मांडली, आणि पुढे संगणकशास्त्रातला १९८१चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. संचांच्या गणितात रिलेशन म्हणजे ठरलेल्या जागी ठरलेल्या प्रकारची मूल्यं असलेल्या गटांचा संच. सभासद क्रमांक, नाव, पत्ता असे तीन रकाने घेतले, तर एका सभासदाची ओळ हा एक गट. अशा सगळ्या ओळींचा मिळून जो संच होतो, तो रिलेशन. म्हणजे एकटा तक्ता हाच रिलेशन! डेटाबेसमध्ये एकच तक्ता असला आणि त्याला दुसरं काहीही जोडलेलं नसलं, तरी तो डेटाबेस रिलेशनलच.

संच म्हटलं की दोन गोष्टी आपोआप येतात. ओळींना क्रम नसतो, आणि हुबेहूब तीच ओळ दोनदा येत नाही. (एसक्यूएल, म्हणजे अशा डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, दुबार ओळी चालवून घेतं, त्यामुळे त्यातला तक्ता काटेकोरपणे रिलेशन नव्हे. नवशिक्यांना हे आत्ता सांगायची गरज नाही.)

मग तक्त्यातक्त्यांतल्या जोडणीला काय म्हणायचं? त्यासाठी इंग्रजीत वेगळा शब्द आहे, रिलेशनशिप. पीटर चेन यांनी १९७६ साली डेटाबेसचा आराखडा चित्रातून मांडायची पद्धत दिली, त्यात तो ठळकपणे येतो. आपण मराठीत रिलेशनलाही ‘संबंध’ म्हणतो आणि रिलेशनशिपलाही ‘संबंध’च. दोन कल्पना एकाच शब्दात कोंबल्या जातात. माझी सूचना अशी: रिलेशनसाठी तक्ता, रिलेशनशिपसाठी नातं. ‘देवघेवीच्या तक्त्याचं सभासदांच्या तक्त्याशी नातं आहे’ हे वाक्य कुणालाही कळतं.

कॉड यांच्या आधीचे डेटाबेस कसे होते ते पाहिलं, तर हा फरक आणखी स्पष्ट होतो. चार्ल्स बाखमन यांच्या जाळं-पद्धतीत एका नोंदीपासून दुसऱ्या नोंदीपर्यंतचा दुवा डेटाबेसमध्येच साठवलेला असे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्या दुव्यांची वाट धरून पुढे जावं लागे, आणि वाट बदलली की प्रोग्रामही बदलावा लागे. कॉड यांनी हे दुवे काढून टाकले. दोन तक्त्यांत सारखं मूल्य दिसलं की जुळणी, बस्स. म्हणजे ज्या मांडणीने साठवलेले दुवे काढून टाकले, तिलाच आपण ‘संबंधाधारित’ म्हणून मुलांसमोर ठेवतो.

दांडियाबाजार
हे कुणी आधी का सांगितलं नाही! एक उदाहरण देऊन समजवाल का? वर्गात सुरुवात नेहमी उदाहरणापासूनच होते.

खतावणी
वाचनालय घ्या. बडोद्यातल्या मुलांना मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी माहीत असतंच.

एक तक्ता सभासदांचा: क्रमांक, नाव, पत्ता. दुसरा पुस्तकांचा: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक. तिसरा देवघेवीचा: सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, नेल्याची तारीख, परतीची तारीख. देवघेवीत नाव किंवा शीर्षक पुन्हा लिहीत नाहीत, फक्त क्रमांक. रावपुऱ्यातला सभासद वाघोडिया रोडला राहायला गेला, तर पत्ता एकाच ठिकाणी बदलायचा. ‘कोणाकडे किती पुस्तकं थकली आहेत?’ असा प्रश्न आला की तिन्ही तक्ते क्रमांकांवरून जुळवून उत्तर मिळतं. हा प्रश्न कुणी विचारेल असं तक्ते आखताना मनातही नसलं, तरी मिळतं. मला या मांडणीचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याच गोष्टीचं.

आता हेच दस्तऐवजी पद्धतीने, म्हणजे मोंगोडीबीसारख्या डेटाबेसमध्ये. प्रत्येक सभासदाचा एक दस्तऐवज, त्यातच नाव, पत्ता आणि नेलेल्या पुस्तकांची यादी. एखाद्याच्या दस्तऐवजात ‘पालकाचं नाव’ असेल, दुसऱ्याच्यात नसेल, चालतं. सभासद समोर आला की त्याचं सगळं एका वाचनात हाती येतं. पण यादीत शीर्षकं उतरवून ठेवली असतील आणि एखादं चुकलेलं निघालं, तर ते किती दस्तऐवजांत दुरुस्त करायचं हे बघावं लागतं. शीर्षकाऐवजी दाखल क्रमांक ठेवून जुळणी इथेही करता येते, पण मग पुस्तकांचे तपशील वेगळे वाचावे लागतात. दोन्ही मांडण्या खऱ्या वापरातल्या आहेत. रोज कोणता प्रश्न जास्त विचारला जाणार, यावरून निवड ठरते.

आणि असंबंधित? दस्तऐवजाच्या पोटात माहिती एकमेकांना इतकी चिकटून असते की तिला असंबंधित म्हणणं अन्यायच. त्याहून बोलकं उदाहरण नियोफोरजे या डेटाबेसचं. त्यात ‘हा त्याचा मित्र’, ‘हिने हे पुस्तक वाचलं’ अशी नातीच थेट साठवलेली असतात. गणना मात्र त्याचीही नॉन-रिलेशनलमध्ये होते, कारण तो तक्त्यांचा नाही. नकाराचा रोख तक्त्यावर आहे, नात्यावर नाही.

सुरसागर
पटलं. मग ‘संबंधाधारित’ मागे घेतो. पण नॉन-रिलेशनल डेटाबेसांना ‘नोएसक्यूएल’ही म्हणतात, त्याचं काय? मुलं तेच नाव इंटरनेटवर वाचणार.

ओळरकाना
त्या नावाचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. १९९८ साली कार्लो स्ट्रोत्झी यांनी आपल्या डेटाबेसला हे नाव दिलं, आणि तो रिलेशनलच होता, फक्त एसक्यूएल भाषा वापरत नव्हता! २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बैठकीसाठी तेच नाव पुन्हा वापरलं गेलं आणि नव्या पद्धतीच्या डेटाबेसांना चिकटलं. त्याआधी गुगलने २००६ साली बिगटेबल आणि ॲमेझॉनने २००७ साली डायनॅमो या आपापल्या डेटाबेसांवर निबंध प्रसिद्ध केले होते. माहिती एका यंत्रात मावेना, ती अनेक यंत्रांवर वाटून ठेवायची निकड तिथे होती. पुढे ‘नो’चा अर्थ ‘नुसतं एसक्यूएल नव्हे’ असाही लावला गेला. हे विशेषनाम समजून तसंच ठेवावं.

खरं तर नॉन-रिलेशनल हा एक प्रकार नाहीच. किल्ली-मूल्य (एका किल्लीला एक मूल्य), दस्तऐवजी, रुंद रकान्यांचे (ओळीगणिक वेगळे रकाने चालणारे), जाळ्याचे (इंग्रजीत ग्राफ, नियोफोरजे त्यातलाच; बाखमन यांची जुनी जाळं-पद्धत वेगळी) असे निरनिराळे प्रकार एका नकाराखाली गोळा केले आहेत. मुलांना प्रकाराचं नाव सांगा, नकार आपोआप मागे पडेल. ‘जाळं’ शब्द मुद्दाम वापरतोय, कारण ‘आलेख’ म्हटलं की मुलं स्तंभालेख डोळ्यांसमोर आणतात. आणि आता या भिंती पातळ झाल्यात, हेही कानावर घालून ठेवा. पोस्टग्रेस या रिलेशनल डेटाबेसमध्ये २०१४पासून दस्तऐवजी मजकूर साठवायची चांगली सोय आहे, आणि मोंगोडीबीत २०१८पासून अनेक दस्तऐवजांतले बदल ‘सगळे होतील नाहीतर एकही नाही’ अशा हमीने करता येतात.

मांडवी
एक भर घालतो. बडोद्याच्या मुलांसाठी ‘तक्ता’पेक्षा ‘कोष्टक’ घ्या. गुजरातीतही टेबलला कोष्टकच म्हणतात, त्यामुळे शाळेतला शब्द आणि घरातला शब्द एकच होईल. दोन्ही भाषांचे शब्द शेजारी ठेवून बघायची रीत इथली जुनीच आहे. राज्यकारभारातल्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांचा कोश बडोदे संस्थानाने १९३१ साली काढला, त्यात मराठी आणि गुजराती दोन्ही आहेत.

राजवाडा इंदूर
आमच्याकडे ‘कोष्टक’ चालणार नाही हो. हिंदीत कोष्ठक म्हणजे कंस. इंदूरची मराठी मुलं कंसच काढून दाखवतील! आम्ही ‘सारणी’ म्हणू, हिंदीतही तोच शब्द आहे.

खतावणी
दोन्ही ठीक. गावागणिक शब्द वेगळा असला तरी बिघडत नाही, कल्पना तीच पोचली पाहिजे.

दांडियाबाजार
मग बडोद्यासाठी ‘कोष्टकांचा डेटाबेस’ नक्की, आणि इंग्रजी नाव म्हणून ‘रिलेशनल’ फळ्यावर शेजारी. शेवटचं एक विचारते. ‘प्रायमरी की’ला काय म्हणू? ‘की’ तसंच ठेवलं तर ‘ही की जी की…’ असं वाचताना अडखळायला होतं.

ओळरकाना
‘मुख्य किल्ली’ म्हणा ताई. आणि ती समजावायला वाचनालयच पुरेल. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असल्या तर शीर्षक पाचही ओळींत तेच, लेखक तोच. दाखल क्रमांक मात्र प्रत्येक प्रतीचा वेगळा, आणि तो रिकामा सोडता येत नाही. ज्या रकान्यावरून नेमकी एकच ओळ हाती लागते, तो मुख्य किल्लीचा रकाना. देवघेवीच्या कोष्टकात तोच क्रमांक येतो तेव्हा त्याला ‘परकी किल्ली’ म्हणता येईल, कारण ती दुसऱ्या कोष्टकाची आहे. मुलांकडून एकदा चुकून यादीत नसलेला दाखल क्रमांक लिहवून घ्या. डेटाबेस ती ओळ घ्यायला नकार देईल, आणि परकी किल्ली कशासाठी असते ते त्यांना तिथेच दिसेल.