दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर थेट घरी, की आधी पुनर्वसन केंद्रात?

माळवाकन्या (धागा)

इंदूरच्या आपल्या मराठी वस्त्यांत, रामबाग असो की राजेंद्र नगर, सत्तरीपुढचे आईवडील घरात दोघंच आणि मुलं पुण्या-बंगळुरूला, अशी घरं वाढत चालली आहेत. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, की थोड्याच दिवसांत सुट्टी मिळते. टाके ओले, पाय टेकवायची भीती, लघवीची नळी तशीच, आणि रुग्णवाहिका जुन्या घराच्या अरुंद जिन्यापाशी उभी.

माझं स्पष्ट मत आहे की अशा रुग्णाला पहिले तीन-चार आठवडे पुनर्वसन केंद्रात, म्हणजे नर्स आणि फिजिओ जिथे हाताशी असतात तिथे, ठेवावं. झोपून असलेल्याची दर दोन तासांनी कूस बदलायची, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं औषध चुकवायचं नाही, दिवसातून निदान दोनदा वॉकरवर उभं करायचं. हे घरी कोण करतं? सून, नाहीतर स्वतः साठी ओलांडलेली बायको. नवऱ्याला उचलता उचलता स्वतःची कंबर धरून बसलेल्या काकू माझ्या माहितीत आहेत. तरीही केंद्राचं नाव काढलं की नातेवाईक म्हणतात, ‘ठेवून आले वाटतं!’ चार आठवड्यांच्या शुश्रूषेला वृद्धाश्रम समजणं आता थांबलं पाहिजे.

रामबागकर

ताई, पूर्ण असहमत. लोकलाजेचा मुद्दा बाजूला ठेवा, मी रुग्णाच्या बाजूनंच बोलतोय. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना भ्रम होणं फार सामान्य आहे: वेळ कळत नाही, माणसं ओळखू येत नाहीत, रात्री नळ्या ओढतात. त्यात जागा बदलली की गोंधळ आणखी वाढतो. घरी स्वतःची खाट असते, ओळखीचे आवाज असतात, सकाळी देवघरातली घंटा ऐकू येते. माझ्या वडिलांना पक्षाघातानंतर आम्ही एका केंद्रात ठेवलं होतं. रात्री सबंध मजल्याला एकच आया. घरी आणलं, फिजिओ लावला, आणि ते बोलायला लागले.

यामागे अभ्यासही आहे. इंग्लंड आणि स्कँडिनेव्हियातल्या चाचण्यांत दिसलंय की सौम्य ते मध्यम पक्षाघाताच्या रुग्णांना लवकर घरी सोडून तिथेच थेरपी दिली, तर त्यांचं परावलंबन कमी राहतं.

माळवाकन्या

दादा, त्या चाचण्यांत घरी कोण जात होतं तेही सांगा ना. फिजिओ, वाचा-उपचार करणारे, नर्स, डॉक्टर अशी एकमेकांशी बोलणारी टीम. आपल्याकडे अर्ध्या तासाचा फिजिओ आणि माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोची आया येते, आणि दोघांची गाठ पडतच नाही. पक्षाघातानंतर गिळणं बिघडलं असेल तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. मायेनं भरवलेला वरणभातसुद्धा तेव्हा धोक्याचा असतो. किती घरांत आधी गिळण्याची तपासणी होते?

निवृत्त सिस्टर

तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत म्हणून लिहिते. नर्स व्हायला जीएनएम हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, नाहीतर एएनएम हा दोन वर्षांचा करावा लागतो. ब्यूरोवाले आयेला पांढरा कोट घालून ‘सिस्टर’ म्हणून पाठवतात. मध्य प्रदेश नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, लाजू नका. नळी, श्वासासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र, बेडसोअर (झोपून पडलेल्या जखमा) असेल तर आयेवर भागत नाही.

केंद्रांनाही हेच लागू. नर्सिंग होमची नोंदणी आपल्या राज्यात 1973च्या कायद्याखाली सीएमएचओकडे, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकाऱ्याकडे होते. तो कागद बघा. रात्रपाळीला किती रुग्णांमागे एक नर्स? घशातला कफ ओढायचं सक्शन मशीन, ऑक्सिजन आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरच्या माणसाला थेरपीच्या वेळी शेजारी बसू देतात का? पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं हे घरच्यांना शिकवल्याशिवाय जे केंद्र रुग्णाला परत पाठवतं, तिथे पैसे घालू नका. आणि हे सगळं सुट्टीच्या कागदावर सही करताना नाही, ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी विचारायला लागा.

सुदामानगर

पैशाचं कुणीच बोलत नाहीये. विमा नियामकांनी ठरवून दिलेल्या प्रमाणित वगळण्यांमध्ये, म्हणजे पॉलिसी ज्यांचे पैसे देत नाही त्या गोष्टींत, पाचव्या क्रमांकाला विश्रांती, पुनर्वसन आणि देखभाल आहे. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, हालचालीला मदत यांचा खर्च त्यात जातो, मग ते घरी होवो की केंद्रात, नर्स करो की आया. बऱ्याच पॉलिसींत सुट्टीनंतरचे 60 दिवस धरतात खरे, पण ते औषध-तपासण्यांसारख्या उपचाराच्या खर्चापुरते. ऑक्टोबर 2024 पासून सत्तर आणि त्यापुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, त्यातही सुट्टीनंतरचे 15 दिवसच.

इंग्लंडमध्ये अशी दवाखाना आणि घर यांच्या मधली सेवा सहा आठवड्यांपर्यंत मोफत आहे. अमेरिकेत मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या अटी पूर्ण झाल्या तर पहिले 20 दिवस पूर्ण भरपाई मिळते. इथे पेन्शनवाल्यानं केंद्राचं रोजचं भाडं, वर डायपर, औषधं, डॉक्टरांची भेट वेगळी, हे कुठून आणायचं? ताईंचा सल्ला चुकीचा नाही, पण आज तो ज्यांच्या गाठीला पैसा आहे त्यांच्याचसाठी आहे. भांडायचं असेल तर हे वगळणं काढून टाकण्यासाठी भांडू या.

रामबागकर

हे पटलं. म्हणूनच म्हणतो, तेवढ्या पैशात घर तयार करा. फाउलर बेड (हँडल फिरवून वर-खाली होणारा पलंग), एअर बेड (हवेची गादी), उंच कमोड खुर्ची, न्हाणीघरात धरायला दांडे. यातलं बरंचसं भाड्यानं मिळतं. आपल्या मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतून दोन पलंग आणि चार वॉकर घेऊन ठेवले, तर कितीतरी घरं सावरतील.

माळवाकन्या

पलंगांची कल्पना चांगली आहे, पुढच्या बैठकीत मी स्वतः मांडते. सुदामानगर, विम्याबद्दलच्या निवेदनाचा मसुदा तुम्ही कराल का? सह्या मी गोळा करते. पण दादा, ज्या घरात रात्री दोन वाजता उचलायला दुसरं माणूसच नाही, तिथे फाउलर बेड कोण फिरवणार, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.