‘डेड स्पेस’ला मराठीत काय म्हणावं : मृतजागा, मृतसाठा की अपव्यय?

प्रश्न
सिरिंजचा दट्ट्या शेवटपर्यंत दाबला तरी नोझलमध्ये, सुईच्या हबमध्ये (सिरिंजवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या बुडख्यात) आणि सुईच्या पोकळीत थोडं औषध राहतंच. त्याला ‘डेड स्पेस’ म्हणतात, ‘डेड व्हॉल्यूम’ही म्हणतात. ‘मृत अवकाश’ लिहिलं की श्वसनाचा विषय वाटतो, कारण श्वासमार्गातल्या वायूंची देवाणघेवाण न होणाऱ्या जागेलाही ‘डेड स्पेस’च म्हणतात. ‘अपव्यय’ लिहिलं की टोचणाऱ्याने औषध सांडल्यासारखं वाटतं. नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद
धरणाच्या बातम्यांतला ‘मृतसाठा’ इथे चपखल बसतो. पाणी आहे, पण दाराच्या पातळीखाली असल्यामुळे बाहेर येत नाही. सिरिंजमध्येही तेच : दट्ट्या पोचत नाही तिथलं औषध. म्हणून पोकळीला ‘मृतजागा’ आणि तिच्यातल्या द्रवाला ‘मृतसाठा’ म्हणा. हा फरक नुसता शब्दांचा नाही. हबमध्ये बुडबुडा अडकला की मृतजागा तेवढीच राहते, मृतसाठा घटतो.

प्रतिसाद
मृतजागा मोजताना नेमका हाच घोळ होतो. कोरडी सिरिंज सुईसकट वजन करा, झाकण बाजूला ठेवून. ऊर्ध्वपातित पाणी ओढा, सुई वर धरून टिचक्या मारा, हवा काढा. मग दट्ट्या तळाला टेकेपर्यंत दाबा, बाहेरून पुसा आणि लगेच पुन्हा वजन करा. पाण्याचा १ मिलिग्रॅम म्हणजे जवळपास १ मायक्रोलिटर, त्यामुळे मिलिग्रॅममधला फरक हाच आकडा. सुईच्या टोकाला लोंबणारा थेंब राहिला तर आकडा फुगतो. दाब सोडल्यावर रबर किंचित मागे सरकलं तर टोकातून हवा आत जाते. पाणी आहे तेवढंच राहतं, पण ते नोझलमधून वर सरकतं, आणि पुन्हा दाबलं की थोडं बाहेर पडतं. म्हणून दाब एकदाच आणि पूर्ण द्यायचा. एका सिरिंजवर भरवसा ठेवू नका, किमान दहा घ्या.

प्रतिसाद
‘मृतसाठा’ मान्य, पण ‘वाया गेलेलं’ हा त्याचा अर्थ देऊ नका. सिरिंजवरच्या खुणा मृतजागा वगळून आखलेल्या असतात. त्यामुळे त्याच सुईने ओढून, हवा काढून टोचलं तर मात्रा बरोबर जाते. मृतसाठा त्या मात्रेच्या वरचा असतो. त्याच सिरिंजमध्ये औषध पातळ करायला गेलात की मात्र हा ‘मृत’ साठा जिवंत होतो. समजा मृतजागा ०.०७ मिली आहे. ०.१ मिली औषध ओढलं, म्हणजे आत प्रत्यक्षात ०.१७ मिली. त्यावर द्रावक ओढून १ मिलीच्या खुणेपर्यंत आणलं तर एकूण १.०७ मिली मिश्रण झालं. त्यातलं १ मिली टोचलं की औषध सुमारे ०.१६ मिली जातं, ठरलेल्यापेक्षा जवळजवळ ६० टक्के जास्त! नवजात बाळाच्या बाबतीत ही चूक फार महाग पडते. पातळ करायचं ते वेगळ्या भांड्यात किंवा मोठ्या सिरिंजमध्ये करावं.

सुई बदलली तर उलटं होतं. नव्या सुईची कोरडी पोकळी भरायला औषध खर्च होतं आणि खुणेइतकं ओढलं असेल तर मात्रा कमी पडते.

प्रतिसाद
मग तोट्यासाठी वेगळा शब्द हवा. ‘तूट’ पुरेसा आहे. फायझर-बायोएनटेकच्या कोविड लशीच्या सुरुवातीच्या, पातळ करून वापरायच्या कुपीचं गणित बघा : ०.४५ मिली लस, १.८ मिली सलाईन, एकूण २.२५ मिली, मात्रा ०.३ मिली. दर टोचणीला ०.०८ मिली तूट धरली तर सहा मात्रांना २.२८ मिली लागतात, म्हणजे सहावी निघत नाही. तूट ०.०३५ मिली असेल तर २.०१ मिलीत सहा बसतात. म्हणूनच त्या कुपीतून सहा मात्रांसाठी कमी मृतजागेच्या सिरिंज लागत. कुपीच्या भिंतीला आणि बुचाला चिकटलेलं औषध या तुटीत धरू नका, ते ‘कुपीशेष’ म्हणून वेगळं लिहा.

मूळ प्रश्नकर्ता
मग माझ्या तक्त्यात तीन रकाने करते : मृतजागा, दर टोचणीची तूट, कुपीशेष. ‘अपव्यय’ हा शब्द सांडलेल्या आणि मुदत संपलेल्या औषधापुरता ठेवते.